पाण्यातली म्हैस आणि यार्डातला ट्रक

'पाण्यात म्हैस, बाहेर मोल' अशी एक जुनी म्हण मराठीत आहे. जनावर पाण्यात बसलेले आहे, दिसतात ती फक्त शिंगे, आणि काठावर उभे राहून दोघे जण किंमत ठरवत आहेत. आमच्या नाशिक जिल्ह्यातला शेतकरी असा सौदा करत नाही. घोटीच्या बाजारात बैल घेताना तो दात मोजतो, पाठीवरून हात फिरवतो, जनावर चालवून बघतो, शेपटीखाली बघतो आणि मगच रुमालाखाली बोटे धरतो. पण त्याच शेतकऱ्याचा मुलगा द्वारका चौफुलीपासून आडगावपर्यंतच्या पट्ट्यात सेकंड हँड ट्रक घ्यायला जातो आणि फसतो. तोही काही आंधळेपणाने घेत नाही. ओळखीचा मेकॅनिक सोबत नेतो, इंजिन चालू करून आवाज ऐकतो, टायर बघतो. तरीही फसतो. असे का होते, हा या लेखाचा प्रश्न आहे.

मी वकील नाही आणि मेकॅनिकही नाही. जुने दस्त, खरेदीखते, वहिवाटीचे कागद वाचण्याचा छंद आहे. त्यामुळे गेली काही वर्षे नात्यागोत्यातले आणि ओळखीपाळखीतले लोक ट्रकच्या भानगडींचे कागदही माझ्यापुढे आणून टाकतात. ते वाचता वाचता एक गोष्ट लक्षात आली. ट्रकचा पाण्याखाली राहणारा भाग इंजिन नसतो, तो कागद असतो. घेणारा लोखंड तपासतो आणि नुकसान होते ते कागदात.

लोखंडाची परीक्षा

लोखंडाची परीक्षा सोपी आहे असे मात्र नाही. यार्डात उभ्या गाडीला नवा रंग असतो, केबिनमध्ये नवे रेक्झिन असते, टायर काळेभोर असतात. टायर रिसोल केलेले आहेत का, हे कडेच्या सांध्यावरून जाणकाराला कळते. इंजिन गरम झाल्यावर ऑइलची पट्टी वर ओढून मेकॅनिक बॅक कॉम्प्रेशन बघतो. तिथून धूर फेकत असेल तर पिस्टन-रिंगांचे आयुष्य संपत आले आहे. धूर निळा असेल तर इंजिन ऑइल जाळते आहे. पाट्यांचा क्रम, चेसिसवरची वेल्डिंगची खूण, क्राउन-पिनियनचा आवाज अशा पुष्कळ जागा आहेत. 'इंजिन नुकतंच बांधलंय' या वाक्याचा अर्थ पूर्ण बांधले की नुसते हाफ इंजिन उघडले, हेही विचारावे लागते.

पण ही परीक्षा होते कुठे? रिकामी गाडी, सपाट रस्ता, तीन किलोमीटर जाऊन परत. ट्रकची खरी परीक्षा कसारा घाटात असते. भरलेली गाडी मुंबईहून इगतपुरीकडे चढू लागली की गिअरबॉक्स, क्लच, रेडिएटर सगळे बोलू लागतात, आणि रिकामी उतरताना ब्रेक बोलतात. भरलेल्या गाडीची चाचणी कोणी देत नाही आणि घेणाराही मागत नाही. तरीही लोखंडातला दोष शेवटी पैशांनी दुरुस्त होतो. पन्नास हजार, लाख, फार तर दोन लाख जातात, माणूस शिव्या देतो आणि गाडी चालू लागते. कागदातला दोष असा दुरुस्त होत नाही, कारण तो दुरुस्त करण्याचा अधिकार घेणाऱ्याच्या हातात नसतो.

कागदाचे वय

लोखंडाला जसे वय असते तसे कागदालाही असते, आणि दोन्ही वये बरोबरीने चालत नाहीत. व्यापारी वाहनाला योग्यता प्रमाणपत्र लागते, ज्याला आपण 'पासिंग' म्हणतो. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत ते दोन दोन वर्षांनी घ्यावे लागते, त्यानंतर दरवर्षी. महाराष्ट्रात आठ वर्षांवरच्या व्यापारी गाडीला 2010 पासून पर्यावरण कर आहे. राष्ट्रीय परवाना साध्या मालट्रकला बारा वर्षांपर्यंतच मिळतो, मल्टिॲक्सल गाडीला पंधरा वर्षांपर्यंत.

म्हणजे अकरा वर्षांचा साधा ट्रक घेणाऱ्याच्या हाती लोखंड कदाचित आणखी सात-आठ वर्षांचे येते, पण देशभर फिरण्याचा कागद एकाच वर्षाचा येतो. पुढे ती गाडी राज्यातल्या राज्यात चालवायची. लासलगावचा कांदा घेऊन दिल्लीच्या आझादपूरला जायचे ज्याच्या मनात आहे, त्याच्यासाठी हा फरक सगळ्या धंद्याचा आहे. दिल्ली आणि भोवतालच्या राजधानी क्षेत्रात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादाने 2015 मध्ये बंदी घातली, सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये ती उचलून धरली. पुढे त्या बंदीत फेरफार झाले. पण एका भागात ज्या गाडीचे कागदी आयुष्य संपते, ती दुसऱ्या भागात 'स्वस्तात मस्त' म्हणून विकायला येते, हा प्रवाह त्यातून स्पष्ट दिसला.

ही माहिती लपवलेली नसते. नोंदणीची तारीख आरसीवर असते, चेसिस क्रमांकाच्या सतरा अक्षर-आकड्यांत उत्पादनाचे वर्षही असते. पण यार्डात किंमत बोलली जाते ती मॉडेल आणि लोखंड बघून. किती वर्षांचा परवाना शिल्लक आहे, हे गणित फार थोडे लोक मांडतात.

एका गाडीचे दोन मालक

आता मूळ गाठीकडे येऊ. ट्रकचा मालक कोण, या प्रश्नाला आपल्या कायद्यात दोन उत्तरे आहेत.

पहिले उत्तर 1930 च्या माल विक्री कायद्याचे. ट्रक ही जंगम वस्तू. धान्याचे पोते, शिवणयंत्र, म्हैस यांच्याप्रमाणेच विकणारा आणि घेणारा यांचा इरादा जुळला, सौदा झाला, ताबा दिला की मालकी गेली. घर किंवा शेत घेताना खरेदीखत नोंदवावे लागते, तसे इथे काही नाही.

दुसरे उत्तर 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे. त्यात 'मालक' म्हणजे ज्याच्या नावावर वाहनाची नोंदणी आहे तो. गंमत अशी, की त्याआधीच्या 1939 च्या कायद्यातल्या व्याख्येत नोंदणीवरच्या नावाला हे स्थान नव्हते. ते नव्या कायद्याने दिले. गाडी विकली की विकणाऱ्याने चौदा दिवसांत (परराज्यात विकली असेल तर पंचेचाळीस दिवसांत) आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत नोंदणी कार्यालयाला कळवावे, असे हाच कायदा सांगतो. त्यासाठी नमुना 29 आणि नमुना 30. परराज्यातली गाडी असेल तर नमुना 28, म्हणजे मूळ आरटीओचे ना-हरकत. गाडीवर कर्ज असेल तर ते फिटल्याचा नमुना 35, त्यावर वित्तसंस्थेची सही.

सौद्याच्या दिवशी लोखंड घेणाऱ्याचे होते, कागद मात्र आधीच्याच नावावर राहतो. हे अंतर कायद्याने काही दिवसांचे धरले आहे. प्रत्यक्षात ते महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षे राहते. सह्या केलेल्या कोऱ्या नमुन्यांचा गठ्ठा, ज्याला धंद्यात 'टीटीओ सेट' म्हणतात, गाडीबरोबर हातोहात फिरतो. पहिल्या मालकाने सही केलेला सेट तिसऱ्या-चौथ्या घेणाऱ्याच्या टपात पडलेला मी स्वतः पाहिला आहे.

या अंतराचा धोका दोन्ही टोकांना आहे. विकणाऱ्याचा आधी बघू. सर्वोच्च न्यायालयाचा 6 फेब्रुवारी 2018 चा एक निकाल आहे. एक गाडी एकामागून एक अनेकांना विकली गेली होती, पण नोंदणी पहिल्याच माणसाच्या नावावर होती. अपघात झाला, त्यात एकाचा जीव गेला. गाडीचा विमाही चालू नव्हता. पहिल्या माणसाचे म्हणणे असे, की मी ही गाडी केव्हाच विकली. न्यायालयाने म्हटले, ज्याचे नाव नोंदणीत तो मालक आणि भरपाईची जबाबदारी त्याची. अपघातग्रस्ताने गाडी कुणाकडून कुणाकडे गेली याचा माग काढत फिरावे, अशी अपेक्षा करता येणार नाही. न्याय म्हणून हे मला पटते. पण ज्याने दोन वर्षांपूर्वी गाडी विकून पैसे घरी नेले, त्याच्या दारात नोटीस येते, हेही त्यातून येते.

घेणाऱ्याचा धोका वेगळा आहे. गाडी हातोहात गेली तरी तिसऱ्या व्यक्तीच्या नुकसानीपुरता विमा नव्या मालकाकडे गेला असे कायदा मानतो. पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा आपोआप जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्येच स्पष्ट केले आहे. विमा नावावर करून घेतला नसेल आणि गाडी घाटात उलटली, तर त्या लोखंडाचे पैसे मिळत नाहीत. आणि सगळ्यात मोठा धोका कर्जाच्या बोजाचा. तो एका उदाहरणावरून सांगतो.

बोजा

माझा एक भाचा निफाड तालुक्यात राहतो. दुसऱ्याच्या गाडीवर अकरा वर्षे ड्रायव्हर होता. पिंपळगाव बसवंतचा टोमॅटो, लासलगावचा कांदा, मनमाडजवळच्या पानेवाडीहून टँकर, असे सगळे केलेले. त्याने नाशिकमधल्या एका पेढीकडून गुजरात पासिंगची दहाचाकी गाडी घेतली. किंमत साडेनऊ लाख. पतसंस्थेचे कर्ज, बायकोचे दागिने आणि साठवलेले थोडे, असे पैसे उभे केले. गाडीवर एका वित्तसंस्थेचा सव्वातीन लाखांचा बोजा होता. तो पेढीने लपवला नाही. 'तुमच्या पैशातूनच कर्ज भरतो, पंधरा दिवसांत पस्तीस नंबर आणि गुजरातची एनओसी हातात देतो,' असे सांगितले. सौदा पावती नोटरीपुढे झाली.

गाडी चांगली होती. चार महिने तिने उत्तम धंदा दिला. त्या चार महिन्यांत पेढीने कर्ज एकरकमी न फेडता नुसते हप्ते भरले, आणि भाच्याचे पैसे बहुधा दुसऱ्या गाड्यांत फिरवले. पाचव्या महिन्यात हप्ते थांबले. आणखी तीन महिन्यांनी, कांदा भरलेला असताना, वित्तसंस्थेच्या माणसांनी महामार्गावर गाडी अडवली. माल दुसऱ्या गाडीत चढवावा लागला. गाडी गोदामात गेली.

भाचा माझ्याकडे आला तेव्हा त्याचा प्रश्न एकच होता. "मामा, पूर्ण पैसे मोजलेत, पावती आहे, गाडी मी चालवतोय. मग गाडी माझी कशी नाही?"

वर सांगितलेल्या दोन उत्तरांच्या मधोमध तो उभा होता. 1930 च्या कायद्याने गाडी त्याची. पण नोंदणी सुरत जिल्ह्यातल्या कुण्या गृहस्थाच्या नावावर, ज्याला त्याने कधी पाहिलेले नाही. आणि त्या नोंदणीवर बोजा असल्यामुळे वित्तसंस्थेच्या संमतीशिवाय ती कुणाच्याही नावावर होऊ शकत नाही. मूळ कर्जदाराशी वित्तसंस्थेचा करार होता, भाच्याशी काहीच नव्हता. वसुलीसाठी गुंडगिरी करू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्ये बँकांना बजावलेले आहे. पण इथे गुंडगिरी झाली नव्हती. शांतपणे कागद दाखवून गाडी नेली होती.

मग मी सौदा पावती वाचली. तिच्यात विकणारा म्हणून नाव होते त्या सुरतच्या गृहस्थाचे. घेणारा भाचा. पेढीचे नाव कुठेच नव्हते. पेढीचा माणूस साक्षीदार म्हणून सही करून मोकळा झाला होता. साडेनऊपैकी बरेचसे पैसे रोख, उरलेले पेढीवाल्याच्या मेव्हण्याच्या खात्यावर. पावतीवर ताबा दिल्याची तारीखच काय, दुपारी 4 वाजून 20 मिनिटे ही वेळसुद्धा होती. त्या क्षणापासून अपघात, चलन, पोलीस केस यांची सर्व जबाबदारी घेणाऱ्याची. गाडी 'आहे त्या स्थितीत' घेतली. बोजा कधीपर्यंत उतरवायचा आणि कोणी उतरवायचा, याबद्दल त्या पावतीत एक ओळ नव्हती.

अशा पावत्या मी आणखी पुष्कळ वाचल्या आहेत. मजकूर जवळपास सारखाच. जबाबदारी मिनिटापर्यंत मोजून घेणाऱ्यावर टाकलेली आणि कागदपत्रे पुरी करण्याचे बंधन कुणावरच नाही. ज्याच्या यार्डात गाडी पाहिली, ज्याच्याशी घासाघीस केली, ज्याच्या हातात पैसे दिले, तो कागदावर नसतोच. विचारले की म्हणतो, 'मी तर मध्यस्थ. मालक तो, घेणारे तुम्ही. मी दोन टक्के कमिशन घेतलं.' लोखंड आणि कागद यांच्यामधल्या अंतरात हा धंदा उभा आहे, आणि त्या अंतरात उभ्या असलेल्या माणसाला कायद्याने फार काळ नावच दिलेले नव्हते.

1872 चा घोडा

फसवणुकीबद्दल आपला मूळ कायदा काय म्हणतो, तेही बघू. 1872 च्या करार कायद्यात फसवणुकीची व्याख्या सांगताना उदाहरणे दिली आहेत, ती घोड्याची आहेत. एक माणूस लिलावात घोडा विकतो. घोड्यात खोड आहे हे त्याला माहीत आहे, पण तो गप्प राहतो. कायदा म्हणतो, ही फसवणूक नाही. नुसते गप्प राहणे म्हणजे फसवणूक होत नाही. दुसऱ्या उदाहरणात घेणारी त्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी आहे. तिथे नात्यामुळे सांगण्याचे कर्तव्य येते. तिसरे उदाहरण आपल्या कामाचे. घेणारा म्हणतो, तुम्ही नाही म्हटले नाहीत तर घोडा निर्दोष आहे असे मी धरून चालतो. विकणारा गप्प राहतो. आता मात्र ते गप्प राहणे बोलण्यासारखेच.

दीडशे वर्षांपूर्वीचे हे उदाहरण आज यार्डात जसेच्या तसे वापरता येते. सौद्याआधी पेढीवाल्याच्या मोबाइलवर लेखी संदेश पाठवायचा: गाडीचा मोठा अपघात झालेला नाही, चेसिस बदललेली नाही, या बोजाशिवाय दुसरा बोजा नाही, कर भरलेला आहे, यातले काही चूक असेल तर कळवा, नाहीतर हे खरे धरून मी पैसे देतो. तो गप्प राहिला तर त्याच्या गप्प राहण्याला आता अर्थ आला.

पण याच कायद्यात पुढे एक अट आहे. साध्या सावधपणाने घेणाऱ्याला जे कळू शकत होते, त्याबद्दल समोरच्याच्या गप्प राहण्याचा आधार घेऊन करार मोडता येत नाही. पूर्वी आरटीओत खेटे घालून जे कळायचे, ते आता 'वाहन' प्रणालीवर मोबाइलमध्ये दिसते: बोजा, पासिंग, विमा, कर. सोय झाली हे खरे, पण 'मला कुठे माहीत होते' म्हणण्याची जागाही तेवढीच आक्रसली. ही गोष्ट घेणाऱ्यांच्या ध्यानात यायला हवी.

माल विक्री कायद्यातही असेच दुधारी कलम आहे. त्या मालाचा व्यापार करणाऱ्याकडून वर्णनावरून वस्तू घेतली, तर ती विकण्याजोग्या प्रतीची असली पाहिजे अशी अट कायदा गृहीत धरतो. पण घेणाऱ्याने स्वतः तपासणी केली असेल, तर त्या तपासणीत जे दिसायला हवे होते त्याबद्दल नंतर बोलता येत नाही. म्हणजे मेकॅनिक सोबत नेला की गाडीची खात्री होते आणि त्याच वेळी तक्रारीचा एक दरवाजा लोटला जातो. मेकॅनिक नेऊच नये असे मी म्हणत नाही. नेलाच पाहिजे. पण मेकॅनिकला जे दिसणार नाही, ते लिहून घेतले पाहिजे.

बोजाबद्दलही याच कायद्यात हमी आहे. घेणाऱ्याला न सांगितलेला बोजा निघाला, तर विकणारा जबाबदार. भाच्याच्या बाबतीत बोजा सांगितलेला होता. म्हणून ती हमी त्याच्या उपयोगाची नव्हती. त्याला हवे होते ते तो बोजा अमुक तारखेपर्यंत फेडण्याचे लेखी वचन, तेही पेढीचे.

चांगली गाडी यार्डात का येत नाही

अमेरिकेतले अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी 1970 मध्ये जुन्या मोटारींच्या बाजारावर एक छोटा निबंध लिहिला. तीन नियतकालिकांनी नाकारल्यावर तो छापला गेला, आणि पुढे 2001 मध्ये त्यांना दोघा सहकाऱ्यांबरोबर अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. त्यांचे म्हणणे साधे आहे. विकणाऱ्याला गाडीची खोड माहीत असते, घेणाऱ्याला नसते. त्यामुळे घेणारा चांगल्या गाडीची किंमत द्यायला तयार होत नाही, सरासरी किंमत देतो. त्या किमतीला चांगली गाडीवाला विकत नाही, तो बाजारातून बाहेर पडतो. सरासरी आणखी घसरते. शेवटी बाजारात खोडीच्या गाड्या उरतात.

नाशिकच्या ट्रकधंद्यात याचा पडताळा मी पाहिला आहे, फक्त वेगळ्या रूपात. चांगला सांभाळलेला ट्रक यार्डात क्वचितच येतो. तो मालकाकडून त्याच्याच ड्रायव्हरला जातो, नाहीतर शेजारच्या गावातल्या माहितीच्या माणसाला. 'ओळखीतली गाडी आहे' या तीन शब्दांना बाजारात वेगळी किंमत आहे, कारण ओळखीत कागद पुरा करण्याची लाज असते. ज्याला अशी ओळख नाही, जो पहिल्यांदाच मालक होतो आहे, तो यार्डात जातो. म्हणजे ज्याची सहनशक्ती सर्वांत कमी, त्याच्याच वाट्याला सर्वांत अवघड सौदा येतो.

पैशाच्या बाजूनेही हेच. बँका जुन्या ट्रकला कर्ज द्यायला नाखूश असत. चेन्नईत 1979 मध्ये सुरू झालेल्या श्रीराम ट्रान्सपोर्ट फायनान्ससारख्या संस्थांनी जुन्या ट्रकचे कर्ज हाच मुख्य धंदा केला आणि हजारो ड्रायव्हर मालक झाले. अशा कर्जाचा एक न बोललेला फायदा असा, की कर्ज देणारी संस्था स्वतःच्या पैशासाठी आधीचा बोजा आणि आरसी तपासून घेते. भाच्याने पैसे घरचे आणि पतसंस्थेचे घातले, म्हणून ही तपासणी झालीच नाही. भाडेखरेदीचे व्यवहार सुरळीत करण्यासाठी संसदेने 1972 मध्ये कायदाही केला होता. तो कधी अमलातच आला नाही आणि 2005 मध्ये रद्द झाला.

ट्रकवाला ग्राहक आहे का?

भाच्याने ग्राहक आयोगात जायचे ठरवले, तेव्हा पहिला आक्षेप अपेक्षितच होता: ट्रक हा व्यापारासाठी, म्हणून हा ग्राहक नव्हे. 1986 च्या कायद्यात व्यापारी हेतूने घेतलेली वस्तू वगळली होती. पण 1993 मध्ये त्यात स्पष्टीकरण आले, की स्वयंरोजगारातून केवळ पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू म्हणजे व्यापारी हेतू नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या खटल्यात त्याचा अर्थ लावला. खटला कारखान्यातल्या यंत्राचा होता, पण उदाहरणांत ट्रक आला. जो माणूस ट्रक घेऊन स्वतः चालवतो तो ग्राहक. मदतीला एक-दोन माणसे ठेवली तरी तो ग्राहकच राहतो. मात्र वाहन घेऊन ते दुसऱ्याच्याच हाती चालवायला दिले, तर नाही. 2019 च्या नव्या कायद्यातही ही तरतूद आहे.

त्यामुळे भाच्याच्या लायसन्सला, ट्रिपच्या बिल्ट्यांना आणि टोलच्या पावत्यांना अचानक महत्त्व आले. स्टिअरिंगवर तो स्वतः होता, हे त्यांतून दिसते. तक्रार दोन वर्षांत करावी लागते, आणि आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते. दिलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. गाडी सोडवण्यासाठी उरलेले कर्ज, दंडव्याज आणि गोदामाचे भाडे त्याने पुन्हा कर्ज काढून भरले. गाडी आता त्याच्या नावावर आहे. पेढीविरुद्धची तक्रार चालू आहे, आणि तिथे पेढीचे म्हणणे तेच आहे: आम्ही मध्यस्थ.

मध्यस्थाला नाव मिळाले

या 'आम्ही मध्यस्थ'वर केंद्र सरकारने अलीकडे बोट ठेवले आहे. 22 डिसेंबर 2022 च्या अधिसूचनेने केंद्रीय मोटार वाहन नियमांत जुन्या नोंदणीकृत वाहनांच्या व्यापाऱ्यांसाठी नवे नियम आले आणि ते 1 एप्रिल 2023 पासून लागू झाले. त्यानुसार अशा व्यापाऱ्याने नोंदणी प्राधिकरणाकडून अधिकारपत्र घ्यायचे, ते पाच वर्षांसाठी असते. मालकाने गाडी व्यापाऱ्याच्या ताब्यात दिली की तशी सूचना ऑनलाइन द्यायची, त्यासाठी नमुना 29सी आहे. तिथून पुढे गाडी विकली जाईपर्यंत त्या व्यापाऱ्यालाच मालक समजायचे. गाडी दाखवण्यासाठी, चाचणीसाठी, दुरुस्तीसाठी बाहेर काढली तर फेऱ्यांची नोंद ठेवायची. पासिंगचे नूतनीकरण, ना-हरकत, नाव बदलणे यांचे अर्ज तोच करू शकतो.

वाचायला हा कारकुनी तपशील वाटतो. पण वरच्या सगळ्या कहाणीच्या प्रकाशात पाहिले तर त्याचे मोल कळते. ज्या माणसाचे नाव पावतीत नसायचे, त्याला पहिल्यांदाच कागदावर उभे केले आहे. सुरतचा मालक गाडी देऊन मोकळा होतो आणि त्याच्या दारात अपघाताची नोटीस येण्याची भीती कमी होते. निफाडचा घेणारा ज्याला पैसे देतो, तोच कायद्याने उत्तर द्यायला बांधलेला असतो. 1930 आणि 1988 यांच्या मधली फट बुजवण्याचा हा प्रामाणिक प्रयत्न आहे.

नियम कागदावर आला म्हणजे यार्डात आला असे होत नाही. तो तिथे आणण्याचे काम शेवटी घेणाऱ्याच्या प्रश्नांनीच होईल. बैलाचे दात बघणाऱ्या माणसाला तीन प्रश्न विचारणे अवघड नाही. तुमचे अधिकारपत्र दाखवा. ही गाडी तुमच्या ताब्यात आल्याची नमुना 29सीची पोच दाखवा. आणि बोजा असेल तर त्या रकमेचा धनादेश मी थेट वित्तसंस्थेच्या नावे देतो, चालेल का? पहिल्या दोन प्रश्नांना उत्तर मिळाले नाही आणि तिसऱ्याला नकार आला, तर गाडीचे इंजिन कितीही गोड वाजत असले तरी विसार देऊ नये. गाडी दुसरी मिळते. भाच्यासारखे दागिने मोडून उभे केलेले पैसे दुसऱ्यांदा उभे राहत नाहीत.